जावयाचं पथ्य

३ जुलै २०२३, सोमवार

पाटी लागली. ‘डॉ. गौरीशंकर शेटे’ या जुन्या पाटीखाली नवी, निळ्या अक्षरांची: ‘अ‍ॅलर्जी व दमा तपासणी केंद्र’. कळंबमध्ये अठ्ठावीस वर्षं सर्दी, ताप, जुलाब बघितले. मग सत्तावन्नाव्या वर्षी शनिवार-रविवार एस.टी.नं पुण्याला जाऊन कोर्स केला, परीक्षा दिली आणि पासही झालो. वर्गात सगळ्यांत म्हातारा मीच. पोरं मला शेटेकाका म्हणायची आणि माझ्याच वहीतनं नोट्स उतरवायची.

पुण्याच्या सरांनी बजावलंय, नव्या कामाची नोंद ठेवा आणि अशी ठेवा की उद्या तिऱ्हाइतानं वाचली तरी कळावी. म्हणून ही वही. दवाखान्यात आम्ही दोघंच, मी आणि शांताक्का. त्या उमरग्याच्या पलीकडच्या, माहेर कानडी, बावीस वर्षं माझ्याकडं नर्स आहेत. केसपेपर त्याच लिहितात आणि पेशंट बोलेल ते सगळंच्या सगळं लिहितात. ‘बाईनं कुत्र्याला भाकरी टाकली आणि मग पोटात दुखलं’ असलंसुद्धा. कामाचं तेवढंच लिहा म्हणून कितीदा सांगितलं. ‘व्हय साहेब’ म्हणतात आणि पुढच्या कागदावर कुत्रं पुन्हा हजर असतं.

घरी शिवलीला, माझी बायको, जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली. पाटी बघून म्हणाली, “अक्षरं लई मोठी केलीत. चूक झाली तरी लांबून दिसंल.” तिच्या तोंडून हे कौतुकच समजायचं.

६ जुलै, गुरुवार

पाटी वाचून आलेले पेशंट. एक बाई, सुनेला कामाची अ‍ॅलर्जी आहे ती जाईल का हे विचारायला. एक मास्तर, त्यांना हेडमास्तरांची आहे. मार्केट यार्डातल्या कोंडीराम हमालांना मात्र खरीच निघाली. सोयाबीनची पोती हलवली की शिंका आणि छातीत घरघर. तोंडाला फडकं बांधून काम करा म्हटलं तर म्हणाले, “मंग तंबाखू कवा खाऊ?”

पुण्यात हा प्रश्न शिकवला नव्हता.

१० जुलै, सोमवार

आज खरी केस आली. मनातल्या मनात मी टाळी वाजवली, हे इथं कबूल करतो.

रणधीर, वय एकोणतीस, यार्डात अडत दुकानावर मुनीम, दिवसभर गादीवर बसून काम. बरोबर आई, विठाबाई. पोरानं तोंड उघडायच्या आत त्याच बोलल्या.

“डॉक्टर, ह्येला सासुरवाडीत जेवाय घालत्यात आन् ह्यो मराया टेकतो. तीन डाव झालं. घरी कायसुदिक न्हाय.”

लग्नाला दोन वर्षं झाली. बायको सृष्टी, तिचं माहेर जिल्ह्यातल्याच वाशीच्या बाजूला, फाट्यापासून तीन किलोमीटर आत. पहिला झटका दिवाळीत. पुरणपोळी, कटाची आमटी, भजी असं भरपेट जेवण झालं. मग मेव्हण्यांनी त्याला शाळेच्या मैदानावर व्हॉलीबॉल खेळायला ओढून नेलं. तिथं अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले. दुसरा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. पुरणपोळी आणि आमरस. परत येताना गाडी पंक्चर झाली म्हणून फाट्यापर्यंत ढकलत नेली, आणि फाट्यावर गांधी, उलटी, डोळ्यांपुढं अंधारी. तिसरा कालचा. मेव्हण्याच्या पोराचं बारसं, पुन्हा पुरणपोळी. एस.टी. चुकायला नको म्हणून पळत गेला आणि एस.टी.च्या दारातच कोसळला. कंडक्टरनं सीटवर आडवा घालून आणला.

“घरी पुरणपोळी करता?” मी विचारलं.

“करते की सणाला. एरवी बारा म्हैने ज्वारीची भाकर. पोळी खातो आन् ताणून देतो. कायच होत न्हाय.” विठाबाई जरा पुढं सरकल्या. “माज्या हातचं खाऊन होत न्हाय, त्या विहिणीच्या हातचं खाऊन होतंय. आता काय समजायचं ते तुमीच समजा.”

तीन झटके, तीन जेवणं, तिन्हींत पुरण. हरभऱ्याची डाळ. मी कागदावर ‘पुरण?’ लिहून खाली दोन रेघा मारल्या. मग घरच्या पुरणानं का होत नाही? त्याचंही उत्तर मला जागच्या जागी सुचलं. डाळ नीट शिजली की त्यातलं प्रथिन मोडतं, कमी शिजली तर तसंच राहतं. विठाबाईंना समजावं म्हणून सोपं करून सांगितलं की तिकडं पुरण जरा कच्चं राहत असेल. त्यांना ते फारच पटकन समजलं.

शांताक्का नेहमीप्रमाणं व्हॉलीबॉल, पंक्चर, कंडक्टर सगळं उतरवून घेत बसल्या होत्या. एका केसपेपरवर चार पानं झाली.

१२ जुलै, बुधवार

रणधीरच्या हातावर थेंब टाकून सुईनं टोचले. बावीस थेंब. पंधरा मिनिटं थांबलो, पण कुठंच काही उठलं नाही. जो थेंब प्रत्येकाला उठायलाच हवा तोही ढिम्म. मी घामाघूम, किट खराब निघालं की काय. शांताक्कांनी विचारलं, “बाळ, सकाळी काय गोळी घेतली?” त्यानं खिशातनं सर्दीच्या गोळीची पट्टी काढली. मेडिकलवाल्यानं दिलेली, खाज येऊ नये म्हणून रोज एक. ती पोटात असली की हातावर काही उठतच नाही. हे मी आधी विचारायला हवं होतं.

आठवडाभर गोळी बंद करून ये म्हटलं.

२० जुलै, गुरुवार

जमलं. धुळीतल्या किड्याचा फोड चांगला मोठा, नऊ मिलिमीटर. झुरळ चार. हरभरा बरोबर तीन, म्हणजे धरण्याइतका! गहू, तांदूळ, दूध, शेंगदाणा सगळे शून्य. (गव्हाचा थेंब यादीत होता म्हणून टाकला. गव्हानं कुणाला काय होतंय?)

नुसता फोड उठला म्हणजे आजार ठरला असं नव्हे, हे सरांनी वर्गात तीनदा सांगितलं होतं. पण इथं फोड आहे आणि पुरणही आहे. मी कागदावर ठसठशीत लिहून दिलं: हरभऱ्याची डाळ, बेसन, पुरण, भजी कायमचं बंद. विठाबाईंनी तो कागद पदरात बांधला.

शिवलीलाला जेवताना सांगितलं. ती म्हणाली, “घरचं पुरण चालतं आणि त्यांचं नाही, हे गणित मला सुटत नाही.” मी म्हटलं, हे गणित नव्हे, प्रतिकारशास्त्र आहे.

२४ जुलै, सोमवार

सृष्टी आली होती, रणधीरची बायको. एकटीच. बारशापासून माहेरीच आहे. चोवीस-पंचवीसची असेल. बोलताना मान खाली घालत नाही.

“डॉक्टर, तुमी माझ्या आईचं पुरण कच्चं हाय म्हणालात?”

मी म्हटलं, मी तसं म्हणालोच नाही. म्हणजे म्हणालो होतो, पण शास्त्रीय अर्थानं.

“आमच्या गावात शास्त्रीय अर्थ पोचला न्हाय. नुसतं कच्चं पोचलंय.”

तिची आई सिताबाई. गावात कुणाकडं लग्न असलं की पुरणाला त्यांनाच बोलावतात. वीस-वीस किलो डाळीचं पुरण त्या बाईनं घातलंय. आता बायका आडावर बोलतात की डॉक्टरनंच लिहून दिलंय म्हणे, जावयाला कच्चं घालून मारायला निघाली होती. काहींनी तर ‘कच्चं’ राहू दिलं आणि ‘घातलं’ तेवढंच उचललं, जणू विषच घातलं. या शनिवारी एका घरच्या पंगतीचं पुरण ठरलेलं होतं, ते त्यांनी दुसऱ्या बाईला सांगितलं. चार दिवस झाले, त्या धड जेवल्या नाहीत.

“आन् सासूबाई म्हणत्यात, धोंड्याला माझा पोरगा पाठवणार न्हाय. ज्या घरात जावयाच्या जिवाला धोका हाय, त्या घरची पोरगी बी तिकडंच ऱ्हाऊ दे.”

अधिक महिना चालू आहे. या महिन्यात जावयाला बोलावून पुरण भरलेले धोंडे खाऊ घालायचे, वाण द्यायचं. तीन वर्षांनी येतो आणि लग्नानंतरचा हा त्यांचा पहिलाच. जावई आला नाही तर गावाला वेगळं काही सांगायची गरजच उरत नाही.

“ते काय म्हणतात?” मी रणधीरबद्दल विचारलं.

“ते आईपुढं काय म्हणणार? मला फोनवर म्हणत्यात, तुजी आठवण येती.” एवढं बोलून ती पहिल्यांदा खाली बघायला लागली.

मला फार वाईट वाटलं. आणि लगेच एक नामी उपाय सुचला. जेवणाचा बेत मी ठरवणार. हरभऱ्याचा दाणा नसलेलं धोंड्याचं जेवण. मी स्वतः तिथं बसेन, आणि विठाबाईंनाही चुलीपाशी बसू दे. जावई जेवेल, बरा राहील, आणि सगळ्यांची तोंडं बंद होतील.

२५ जुलै, मंगळवार

विठाबाई तयार झाल्या. अट एकच: पीठ भिजवल्यापासून ताट वाढेपर्यंत त्या तिथून हलणार नाहीत.

बेत लेटरहेडवर लिहून दिला. पुरणपोळी बाद, साधी चपाती. धोंड्याच्या आत पुरणाऐवजी गूळखोबरं. भजी बाद, त्याऐवजी कुरडई तळा. आमटी मुगाची. आणि मुख्य पक्वान्न हुग्गी! आमच्या लिंगायतांच्या घरी सण असला की हुग्गी लागतेच. खपली गहू सडायचा, मऊ शिजवायचा, गूळ, सुंठ, खोबरं, वरून तूप. आजारी माणसाला, बाळंतिणीला, कुणालाही चालते. इतकं निरुपद्रवी अन्न देवानं दुसरं केलेलं नाही. त्यांच्याकडं तिला गव्हाची खीर म्हणतात, पण कृती मी शिवलीलाला विचारून नीट लिहून दिली.

शिवलीलानं यादी वाचली. “ही जावयाची की तुमची?”

३० जुलै, रविवार

हे आजच लिहिलं पाहिजे. उद्या लिहायला बसलो तर माझ्या सोयीचं काहीतरी त्यात घुसडीन. सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात बाकावर बसलोय, पाच वाजलेत, रणधीर आत झोपलाय आणि त्याची नाडी चांगली आहे.

निघताना शांताक्कांनी माझी बॅग भरून हातात दिली. मी म्हटलं, हुग्गी खायला चाललोय, इंजेक्शनं कशाला? “असू द्या साहेब, बॅग काय खायला मागत न्हाय.”

फाट्यापासून आत काळ्या मातीचा रस्ता, आठवडाभराचा चिखल. माझी कार आणि रणधीरची मोटारसायकल फाट्यावरच लावली आणि रणधीर, विठाबाई आणि मी चालत गेलो. घरात शिरलो तर निम्मं गाव ओसरीवर. सिताबाई पन्नाशीच्या, बारीक चणीच्या. माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. माझं लेटरहेड चुलीमागच्या भिंतीला खिळ्यानं ठोकलेलं होतं. विठाबाई पाट घेऊन चुलीजवळ बसल्या त्या उठल्याच नाहीत. सिताबाई प्रत्येक डबा उघडायच्या, विहिणीपुढं धरायच्या, मग त्यातलं घ्यायच्या. मिठाचासुद्धा. दोघींत दिवसभरात बोलणं झालं नाही.

जेवण झालं. रणधीरनं दोन वाट्या हुग्गी, तीन चपात्या, चार धोंडे आणि कुरडई खाल्ली. मी किती खाल्लं ते लिहीत नाही. तासभर गप्पा मारत बसलो, पोराला काही म्हणजे काही झालं नाही. मी ओसरीवरच्या मंडळींना हरभऱ्यावर छोटं व्याख्यान दिलं. सृष्टी आईकडं बघून हसली.

तीनच्या सुमाराला निघालो. सृष्टी आणि तिचे भाऊ पोचवायला बरोबर. रणधीरच्या खांद्यावर वाणाची पिशवी, तांब्याचं ताम्हन, तेहतीस अनारसे. माझं वजन शहाण्णव किलो आणि पोटात हुग्गी. पहिल्या शंभर पावलांत माझी चप्पल चिखलात गेली. रणधीरनं कोपरापर्यंत हात घालून ती काढली. मग माझा हात धरून ओढायला लागला, मेव्हण्यांना हात लावू देईना, म्हणे डॉक्टर माझ्यासाठी आलेत. ओढ्याच्या चढावर तर त्यानं मला मागून ढकलत वर चढवलं. वर आल्यावर त्याला चांगलाच दम लागला होता. तो म्हणाला, “डॉक्टर, तळहात खाजायला लागलेत.”

मी वळून बघितलं तर मानेवर गांधी उठत होत्या. दोन मिनिटांत ओठ सुजले, आवाज बसला आणि तो गुडघ्यांवर आला. मनगटात नाडी लागेना. बॅगेत अ‍ॅड्रेनॅलिन अगदी वरच ठेवलेलं होतं. तिथंच चिखलात त्याला आडवा केला, पँटवरूनच मांडीत इंजेक्शन दिलं, पाय उचलून सृष्टीच्या मांडीवर ठेवले. पाच मिनिटांनी दुसरं दिलं. त्या पाच मिनिटांत मी देवाला जेवढं बोललो तेवढं अठ्ठावीस वर्षांत बोललो नसेन. मग नाडी हाताला लागली. भाऊ ट्रॅक्टर घेऊन आले.

सिताबाई घराकडनं धावत आल्या, अनवाणी. विठाबाईंनी त्यांच्याकडं हात करून तोंड उघडलं, “हिनंच...” आणि तिथंच थांबल्या. हात तसाच हवेत. मग त्यांनी सिताबाईंकडनं मान वळवली आणि माझ्याकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. का, ते मला समजलं नाही. मी इंजेक्शनच्या गडबडीत होतो.

हरभऱ्याचा एक दाणा पोटात नव्हता. मला काहीही कळत नाही. ती नवी पाटी उद्या उतरवावी असं वाटतंय.

३१ जुलै, सोमवार

रणधीरला सकाळी घरी सोडलं. मी दवाखान्यात येऊन नुसता बसून राहिलो. शांताक्कांनी चहा ठेवला आणि त्याचा चार पानी केसपेपर पुढं सरकवला.

“साहेब, रागावू नका. तुमी त्याला काय खाल्लं ते पाच डाव इचारलं. खाऊन काय केलं ते एक डाव बी न्हाय.”

मी म्हटलं, त्याचा काय संबंध?

“मला काय ठावं? म्या लिवलेलं वाचते. व्हॉलीबॉल. गाडी ढकलली. एस.टी.मागं पळाला. घरी मातर खाऊन झोपतो.”

मी ही वही मागं उलटली. दहा जुलैला मीच लिहिलंय. व्हॉलीबॉल, पंक्चर, पळत गेला, माझ्या स्वतःच्या अक्षरात. आणि कालच्या पानावर, ‘मागून ढकलत वर चढवलं’. मग मी पंचवीस तारखेचा बेत वाचला. चपाती गव्हाची. धोंडे गव्हाचे. कुरडई गव्हाच्या चिकाची. हुग्गी तर निव्वळ गहू. माझ्या यादीत गहू चार वेळा होता आणि मी हरभऱ्याचा दाणा शोधत होतो.

गहू खाल्ला आणि बसून राहिला तर काही होत नाही. श्रम केले, गहू खाल्ला नाही, तरी काही होत नाही. दोन्ही लागोपाठ झाली की झटका. म्हणून यार्डातल्या गादीवर, ज्वारीच्या भाकरीवर हे पोरगं दोन वर्षं ठणठणीत राहिलं. सासुरवाडीत मात्र जावई म्हणून गव्हाचं खायला मिळायचं, आणि तिथून निघायचं म्हणजे तीन किलोमीटर. काल तर गहूही मीच लिहून दिला आणि व्यायामही मीच दिला.

पुण्याला सरांना फोन लावला. ते म्हणाले, “काका, या आजारात गव्हाचा साधा थेंब बऱ्याचदा गप्प बसतो. त्यासाठी रक्ताची वेगळी तपासणी आहे. वर्गात झालं होतं हे.” मला आठवलं. त्या शनिवारी एस.टी. उशिरा पोचली होती.

रक्त पुण्याला पाठवलं. शिवलीलाला सगळं सांगितलं. ती हसेल असं वाटलं होतं. हसली नाही. म्हणाली, “शांताक्कांना सांगितलंत का, त्यांचं बरोबर होतं म्हणून?” नव्हतं सांगितलं. परत जाऊन सांगून आलो.

“व्हय साहेब,” शांताक्का म्हणाल्या.

८ ऑगस्ट, मंगळवार

रिपोर्ट आला. गव्हातल्या त्या एका प्रथिनाविरुद्धचा आकडा भरपूर वर आहे. हरभरा निर्दोष.

रणधीर, सृष्टी, विठाबाई तिघंही बोलावले होते. गहू बंद: पोळी, रवा, मैदा, बिस्किट, पाव, शेवया, कुरडई आणि हुग्गी. ‘हुग्गी’ म्हणताना माझा आवाज जरा खाली गेला. चुकून पोटात गेलाच तर त्या दिवशी चालणं-पळणं नाही, आडवं पडून राहायचं आणि मला फोन करायचा. इंजेक्शनची डबी कायम जवळ ठेवायची. ते मांडीत कसं द्यायचं ते सृष्टीला वांग्यावर शिकवलं. तिसऱ्या वांग्याला तिचा हात बसला. रणधीर ते बघताना पांढरा पडला होता. “घाबरू नगा,” ती म्हणाली, “वांगं काय बोललं का?”

विठाबाई उठताना म्हणाल्या, “म्हंजी त्या बाईच्या पुरणात...?”

“काही नव्हतं.”

“कच्चं बी नव्हतं?”

“नाही. ते मी उगाच बोललो.”

“म्या समदीकडं सांगत सुटले, डॉक्टर. तुमचं नाव घेऊन.” त्यांनी पदराची गाठ सोडली आणि माझा तो जुना कागद टेबलावर ठेवला. “आता तिला कोन सांगनार?”

त्यांना वाटत होतं मी म्हणेन, तुम्ही सांगा. मला वाटत होतं त्या म्हणतील, आम्ही सांगतो. शेवटी मीच म्हटलं, रविवारी मी येतो.

१२ ऑगस्ट, शनिवार

माफी कशी मागायची याचा मसुदा केला. पहिल्या परिच्छेदात आजाराची माहिती, दुसऱ्यात जगभरच्या डॉक्टरांकडून अशा चुका कशा होतात ते, तिसऱ्यात दिलगिरी. शिवलीलानं वाचला आणि पहिले दोन परिच्छेद खोडले. तिसऱ्यातलं ‘अनवधानानं’ पण खोडलं. मग एकच वाक्य उरलं.

१३ ऑगस्ट, रविवार

या वेळी सृष्टीच्या भावांनी ट्रॅक्टर फाट्यावर आणून ठेवला होता. धोंड्याचं जेवण पुन्हा घालायचं आणि जावयाला एक पाऊल चालू द्यायचं नाही असं ठरलेलं. ट्रॉलीत गादी टाकली होती. एका बाजूला रणधीर, दुसऱ्या बाजूला मी, मधे विठाबाई. गावातनं जाताना पोरं मागं लागली.

ओसरीवर पुन्हा निम्मं गाव. सिताबाईंचा जीव वेगळ्याच गोष्टीत अडकला होता. “धोंड्याच्या जेवणाला जावयाला भाकर वाढू? लोक तोंडात शेण घालतील माज्या.” सृष्टी समजावत होती. शेवटी विठाबाई उठल्या, चुलीपाशी गेल्या आणि त्यांनी स्वतः पीठ मळायची काटवट पुढं ओढली. “व्हा बाजूला विहीनबाई. दोघी मिळून थापू. ज्याला नावं ठेवायची त्यो दोघींला ठेवंल.”

ज्वारीच्या उकडीचे धोंडे झाले, आत पुरण. सिताबाईंच्या हातचं पुरण मी आज पहिल्यांदा खाल्लं. वेलदोडा, जायफळ, मऊसूत, एक कणी लागली नाही. हे मी कच्चं म्हणालो होतो, न खाता. रणधीरनं पाच धोंडे आणि दोन भाकरी खाल्ल्या आणि मग त्याला बाजेवर झोपवण्यात आलं. गव्हाचा कण नव्हता, झोपायची काही गरज नव्हती, पण कुणी ऐकेना. तोही ऐकेना.

बायका पांगल्यावर मी चुलीपाशी गेलो. मसुदा खिशात होता, तो काढलाच नाही.

“सिताबाई, माझी चूक झाली. तुमच्या पुरणाला मी विनाकारण नाव ठेवलं. त्या दिवशी त्याच्या जिवावर आलं ते माझ्या यादीमुळं. मला माफ करा.”

त्या राख ओढत होत्या. हात थांबवला नाही.

“डॉक्टर, एक इचारू? त्या दिशी तुमचा बेत खाऊन जावईबापू धडधाकट घरी पोचले असते, तर?”

“तर बरंच झालं असतं की.”

“कुनाचं बरं? पुरन सोडलं आन् जावई बरा झाला, असं झालं असतं. म्हंजी खोट माज्या पुरनातच. तुमची सही हुती त्यावर. जलमभर कुनी माज्या हातचं खाल्लं नसतं, आन् पोरीला सासरी जलमभर ऐकावं लागलं असतं.” त्यांनी आता वर बघितलं. “विहीनबाई सकाळपास्नं माज्या चुलीम्होरं बसल्या हुत्या. मिठाचा डबासुदिक तेंच्या डोळ्याम्होरं उघडला. तरी पोरगं पडलं. म्हनूनच तेंचं तोंड मिटलं. तुमी चुकला, डॉक्टर, म्हनून म्या सुटले.”

बाहेर विठाबाई शेजारणीला मोठ्यानं सांगत होत्या की पुढच्या सोमवारी त्यांच्या पुतण्याचा साखरपुडा आहे, आणि पुरणाला सिताबाईंनाच न्यायचंय. सिताबाईंनी ते ऐकलं, चुलीवर पाणी शिंपडलं आणि डाळ किती किलो लागेल ते विचारायला त्या बाहेर गेल्या.